खडकाचे वय कसे कळते?

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एका खेड्यातील शाळेत घडलेला हा प्रसंग आहे. सहावीच्या वर्गात महाराष्ट्राच्या भूरचनेचा पाठ चालू होता. शाळेच्या दगडी पायऱ्यांकडे बोट दाखवून गुरुजींनी सांगितले की, हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून जो शिलारस बाहेर आला, तो थिजून हा दगड झाला. मागच्या रांगेतील एका मुलीने उठून विचारले, "गुरुजी, तेव्हा माणूसच नव्हता, मग वर्षे मोजली कोणी?" वर्ग हसला. गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे. पुस्तकात आहे तेवढे पाठ कर." मुलगी खाली बसली. तिने आकडा पाठ केला, परीक्षेत तो बिनचूक लिहिलाही. पण त्या वर्षी भूगोलाच्या तासाला तिने पुन्हा प्रश्न विचारला नाही.

गुरुजींना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना स्वतःलाही हा आकडा आयताच मिळाला होता. तो कसा निघाला हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. परंतु त्या मुलीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. थोर थोर शास्त्रज्ञांना ज्याने दीर्घकाळ अस्वस्थ केले, तोच हा प्रश्न होता. त्याचे उत्तर सातवीपर्यंतच्या मुलांना समजेल अशा रीतीने देता येते. ते कसे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जुने प्रयत्न

लॉर्ड केल्व्हिन या विख्यात पदार्थविज्ञानशास्त्रज्ञांनी १८६२ साली एक गणित मांडले. तप्त पृथ्वी निवत निवत आजच्या स्थितीला येण्यास किती काळ लागला असेल, याचा हिशेब करून त्यांनी दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षे अशी मर्यादा सांगितली. १८९७ साली ती दोन ते चार कोटींपर्यंत खाली आणली. गाळाचे हजारो फूट जाडीचे थर ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्या भूवैज्ञानिकांना हा काळ फारच तोकडा वाटे. पण थरांवरून कोणता खडक आधीचा व कोणता नंतरचा एवढेच सांगता येई; किती वर्षांपूर्वीचा, हे सांगण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते.

ते साधन अनपेक्षित दिशेने आले. १८९६ साली हेन्री बेक्वेरेल यांना असे आढळले की, युरेनियमच्या क्षारांतून आपोआप अदृश्य किरण बाहेर पडतात. पुढे रदरफर्ड आणि सॉडी यांनी १९०२ साली दाखवून दिले की, असे किरण बाहेर टाकणाऱ्या मूलद्रव्याचे अणू स्वतः बदलत असतात. एका मूलद्रव्याचे दुसरे मूलद्रव्य होत असते, आणि हा बदल ठरावीक गतीने चालतो. जे ठरावीक गतीने चालते त्याचे घड्याळ करता येते, हे रदरफर्ड यांनी तत्काळ ओळखले. अमेरिकेतील बोल्टवुड यांनी युरेनियमयुक्त खनिजांत साठलेले शिसे मोजून १९०७ साली त्यांची वये प्रसिद्ध केली. ती एक्केचाळीस कोटी ते दोनशेवीस कोटी वर्षे अशी निघाली. पुढे त्या आकड्यांत दुरुस्त्या झाल्या. पण केल्व्हिन यांची मर्यादा कायमची मोडली. इंग्लंडमधील आर्थर होम्स या तरुणाने १९११ पासून हेच काम नेटाने पुढे नेले व भूवैज्ञानिक कालगणनेचा पाया घातला.

घटिकापात्राच्या तीन अटी

हे घड्याळ समजून घेण्यास घटिकापात्राचे उदाहरण सोयीचे आहे. पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्याच्या भांड्यात बुडाशी बारीक छिद्र असलेली वाटी तरंगत ठेवीत. छिद्रातून पाणी आत येई आणि एका घटकेत वाटी बुडे. वाटीतील पाणी पाहून किती वेळ गेला हे सांगावयाचे, तर तीन गोष्टींची खात्री हवी. पाणी कोणत्या गतीने आत येते हे ठाऊक असले पाहिजे. वाटी पाण्यावर सोडली तेव्हा ती रिकामी असली पाहिजे, किंवा तीत किती पाणी होते हे माहीत असले पाहिजे. आणि मधल्या वेळात कोणी तीत पाणी घातलेले किंवा काढलेले नसले पाहिजे.

खडकातील घड्याळाच्या अटीही याच तीन आहेत. पहिलीची पूर्तता निसर्गानेच केली आहे. अणूचे हे परिवर्तन अणुगर्भात होते. बाहेरची उष्णता किंवा दाब तेथवर पोहोचत नाही. खडकाला सोसाव्या लागणाऱ्या तापाने वा दाबाने ही गती मोजता येण्याइतकी बदलत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या अटीसाठी मात्र खडकाची आणि त्यातील स्फटिकांची निवड डोळसपणे करावी लागते. या शास्त्राचे सारे कौशल्य त्या निवडीत आहे.

अर्धायुष्य म्हणजे काय

गती सांगण्याची रीत अशी आहे. किरणोत्सर्गी अणूंपैकी निम्मे अणू बदलण्यास जो काळ लागतो, त्याला त्या मूलद्रव्याचे अर्धायुष्य म्हणतात. येथे एक गैरसमज नेहमी होतो, तो शिक्षकांनी लक्षात ठेवावा. निम्मे एका अर्धायुष्यात संपले, म्हणजे उरलेले निम्मे दुसऱ्या अर्धायुष्यात संपतील, असे मुलांना वाटते. तसे होत नाही. दुसऱ्या अर्धायुष्यात उरलेल्यांतील निम्मे बदलतात. म्हणजे मूळच्या चौथा हिस्सा शिल्लक राहतो, पुढे आठवा, त्यापुढे सोळावा.

निरनिराळ्या मूलद्रव्यांची अर्धायुष्ये फार भिन्न आहेत. युरेनियमचे २३८ अणुभाराचे अणू बदलत बदलत अखेर शिसे होतात. त्यांचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षांचे आहे. २३५ अणुभाराच्या युरेनियमचेही शिसेच होते, पण ते वेगळ्या अणुभाराचे. याचे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षांचे. पोटॅशियमच्या दर लाख अणूंत सुमारे बारा अणू ४० अणुभाराचे व किरणोत्सर्गी असतात. त्यांचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे. बदलणाऱ्या दर शंभर पोटॅशियम अणूंपैकी सुमारे अकरांचा अर्गॉन वायू होतो आणि बाकीच्यांचे कॅल्शियम होते.

येथेच आणखी एका चुकीकडे लक्ष वेधले पाहिजे. अनेक ठिकाणी "खडकाचे वय कार्बनवरून काढतात" असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. किरणोत्सर्गी कार्बनचे अर्धायुष्य अवघे सुमारे ५,७३० वर्षांचे आहे. लाकूड, कोळसा, हाड, धान्य अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंचे सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंतचे वय त्यावरून कळते. कोट्यवधी वर्षांच्या कातळापुढे हे घड्याळ केव्हाच थांबलेले असते. शतकांचा हिशेब मिनिटकाट्याने कोणी करीत नाही, तसेच हे.

सह्याद्रीचा कातळ

आता त्या मुलीच्या शाळेच्या पायरीकडे वळू. शिलारस पातळ व तप्त असताना त्यात आधी साठलेला अर्गॉन वायू बहुतांशी निसटून जातो. शिलारस थिजला की नव्याने होणारा अर्गॉन स्फटिकांत कोंडला जातो. म्हणजे वाटी रिकामी करून पाण्यावर सोडावी तसेच हे झाले. थिजण्याच्या क्षणी घड्याळ शून्यापासून चालू लागले. पुढे किती अर्गॉन साठला आणि किती पोटॅशियम शिल्लक आहे, हे मोजले की काळ निघतो.

हे मोजमाप किती नाजूक आहे, याची कल्पना एका हिशेबाने येईल. दहा हजार किरणोत्सर्गी पोटॅशियम अणू घेतले, तर ६ कोटी ६० लाख वर्षांत त्यांपैकी सुमारे ३६० अणू बदलतात, आणि त्यांतून अर्गॉनचे अणू मिळतात अवघे ३८ च्या आसपास. शिवाय बेसाल्टमध्ये पोटॅशियम मुळातच थोडे. त्यातही दगड कुजलेला असला, पाणी मुरून त्याचा मुरूम होऊ लागला असला, की अर्गॉन झिरपून जातो व वय खोटे निघते. यामुळेच दख्खनच्या कातळाची सुरुवातीला काढलेली वये कित्येक कोटी वर्षांच्या अंतराने विखुरलेली होती. पुढे दगडाचा नमुना टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्याला निघणारा वायू वेगळा मोजण्याची सुधारलेली रीत आली. सर्व टप्प्यांवर एकच वय आले तर नमुना विश्वासार्ह, वेगवेगळे आले तर संशयास्पद, अशी ही कसोटी. या रीतीने १९८० नंतरच्या दशकात विखुरलेले आकडे साडेसहा कोटींच्या आसपास एकत्र येऊ लागले.

तथापि एकाच घड्याळावर विसंबून राहणे बरे नव्हे. सह्याद्रीच्या घाटांतून जाताना काळ्या कातळाच्या दोन थरांच्या मध्ये विटकरी तांबड्या मातीचा पट्टा अनेकांनी पाहिला असेल. एक थर थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत गेलेल्या काळात ही माती साचली. अशा काही पट्ट्यांतील ज्वालामुखीच्या राखेत झिरकॉन नावाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म स्फटिक सापडतात. झिरकॉनचा गुण असा की, तयार होताना तो युरेनियमला आपल्यात जागा देतो, पण शिशाला जवळजवळ देत नाही. सबब, आज त्यात जे शिसे आढळते ते युरेनियमपासूनच झालेले असणार. शिवाय एकाच स्फटिकात दोन घड्याळे चालू असतात. ६ कोटी ६० लाख वर्षांत २३८ अणुभाराच्या दर हजार अणूंतील सुमारे १० अणूंचे शिसे होते, आणि २३५ अणुभाराच्या दर हजारांतील सुमारे ६३ अणूंचे. गती एवढ्या भिन्न असूनही दोन्ही हिशेब एकाच वयावर येऊन मिळाले, तर ते वय योगायोगाने आले असे म्हणता येत नाही. एका गावाला दोन वाटांनी जाणारे दोन वाटसरू एकाच देवळापाशी भेटावेत, तसे हे आहे.

या दोन्ही पद्धतींनी केलेली सूक्ष्म मोजमापे २०१९ साली एकदमच प्रसिद्ध झाली. कातळाचा फार मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, साधारण दहा लाख वर्षांच्या आत बाहेर आला, याविषयी दोन्ही गटांचे एकमत आहे. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर प्रचंड अशनी आदळला होता. त्या आघाताच्या आधी किती शिलारस वाहिला आणि नंतर किती, याविषयी मात्र दोन गटांचे मत भिन्न पडले. असा मतभेद मुलांपासून लपवू नये. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात वाद उरला आहे तो काही लाख वर्षांचा, हे सांगितल्याने शास्त्राची प्रतिष्ठा कमी होत नाही.

वय कशापासूनचे?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण या दृष्टीने फार उद्बोधक आहे. तेथील कातळ दख्खनचाच, म्हणजे कोट्यवधी वर्षांचा. पण तेथील विवर अशनीच्या आघाताने बरेच पुढे झाले. त्या आघाताने काही कातळ पुन्हा वितळला, त्यातील अर्गॉन निसटला आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आले. आघाताने बनलेल्या काचेसारख्या पदार्थाला तापवून त्यातून निघणाऱ्या मंद प्रकाशावरून १९९७ साली विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे सांगण्यात आले होते. २०११ साली अर्गॉनच्या रीतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले, आणि आज हाच अंदाज अधिक ग्राह्य धरला जातो. आकडा दहापटींहून अधिक बदलला! ज्याने केवळ आकडा पाठ केला होता, तो येथे गोंधळून जाईल. ज्याला आकडा कसा निघतो हे ठाऊक आहे, तो विचारील की पहिले घड्याळ एवढा काळ मोजण्यास पुरेसे होते काय, आणि दुसऱ्याच्या तिन्ही अटी पाळल्या गेल्या काय.

वय म्हणजे अमुक घटनेपासून आजपर्यंतचा काळ. घटना सांगितल्यावाचून वयाला अर्थ नाही. अजिंठ्याची लेणी किती जुनी, असे विचारले तर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून पाचव्या शतकापर्यंतची, हे उत्तर बरोबर. लेण्यांचा कातळ किती जुना, तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. सहलीला गेलेली मुले या दोहोंची गल्लत हमखास करतात. गाळाच्या खडकाचेही असेच आहे. त्यातील वाळूचा कण ज्या जुन्या खडकातून आला त्याचे वय सांगेल, गाळ केव्हा साचला ते सांगणार नाही. म्हणून त्या थराच्या वरच्या व खालच्या लाव्हारसाची किंवा राखेची वये काढून, गाळ त्यांच्या दरम्यानच्या काळातला, असे ठरवितात.

एका शास्त्रज्ञाची चिकाटी

पृथ्वीचे वय निश्चित करणारे क्लेअर पॅटरसन यांची हकीकत मुलांना अवश्य सांगावी. अमेरिकेत १९४८ च्या सुमारास ते अतिसूक्ष्म प्रमाणातील शिसे मोजण्याच्या कामास लागले. पण मोजणी जुळेना. नमुन्यात असावयास हवे त्याहून कितीतरी अधिक शिसे प्रत्येक वेळी सापडे. अखेर त्यांच्या ध्यानी आले की, हे जादा शिसे प्रयोगशाळेच्या हवेतून, धुळीतून, भांड्यांतून, कपड्यांतून येत आहे. हार न मानता त्यांनी धुळीचा कणही आत येणार नाही अशी प्रयोगशाळा उभारली, अशनींतील शिसे मोजले, आणि १९५६ साली पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे, चूकभूल सात कोटींची, असे प्रसिद्ध केले. आज ४५४ कोटी हा आकडा मानला जातो. म्हणजे त्यांचे मोजमाप किती चोख होते हे दिसते. हे शिसे हवेत येते कोठून, याचा शोध घेता घेता पुढे त्यांनी पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या शिशाविरुद्ध दीर्घकाळ झगडा दिला. भारतातही २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले.

वर्गात काय करावे

या पाठासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. खेळात फासे म्हणून वापरतात तसे उभे फोडलेले ६४ चिंचोके प्रत्येक गटाला पुरेसे आहेत.

१. चिंचोके डब्यात हलवून जमिनीवर टाकावेत. पांढरी बाजू वर आलेले "बदललेले अणू" समजून बाजूला काढावेत व उरलेले मोजून फळ्यावर लिहावेत. उरलेल्यांनिशी पुन्हा तसेच करावे. एक फेक म्हणजे एक अर्धायुष्य.

२. बरोबर ३२, १६, ८ असे आकडे येणार नाहीत. ते ओढूनताणून आणू नयेत. सर्व गटांची बेरीज केली म्हणजे निम्म्याचा नियम स्पष्ट दिसू लागतो. कोणता चिंचोका कोणत्या फेकीत जाईल हे कोणी सांगू शकत नाही, पण सर्वांचा मिळून हिशेब सांगता येतो; अणूंचेही असेच आहे. चिंचोक्याची पाठ फुगीर असल्याने पांढरी बाजू थोडी कमीअधिक पडेल. तसे आढळल्यास एका बाजूस खूण केलेले पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे वापरावेत.

३. यानंतर एका गटाने दाराआड जाऊन गुपचूप काही फेकी कराव्यात आणि फक्त उरलेले चिंचोके घेऊन यावे. दुसऱ्या गटाने किती फेकी झाल्या ते ओळखावे. ६४ पैकी ७ उरले असतील तर मुले "तीन" म्हणतील. फेकी होताना त्यांनी पाहिल्या नव्हत्या, तरी त्यांना त्या मोजता आल्या, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे.

४. शेवटी एका मुलाने त्यांतील तीन-चार चिंचोके चोरून काढून घ्यावेत. आता उत्तर चुकेल. कुजलेल्या दगडाचे वय का चुकते, हे मग निराळे समजावून सांगावे लागत नाही.

५. परीक्षेत "बेसाल्टचे वय किती?" एवढेच न विचारता "हे वय कोणत्या घटनेपासूनचे?" असेही विचारावे.

ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला त्या क्षणी येत नाही, तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि उत्तर मिळेपर्यंत पुसू नये. "मला आज माहीत नाही, शोधून सांगतो" असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा मान विद्यार्थ्यांच्या नजरेत उणावत नाही. "पाठ कर" हे उत्तर मात्र प्रश्नाबरोबर प्रश्न विचारण्याची सवयही संपविते.

आरंभी सांगितलेल्या शाळेतील गुरुजींनी पुढच्या वर्षी सहावीच्या वर्गात चिंचोक्यांचा हा प्रयोग केला. ती मुलगी तेव्हा सातवीत गेली होती. त्यांनी तिला शेजारच्या वर्गातून मुद्दाम बोलावून आणले, सर्वांसमोर उभे केले आणि गेल्या वर्षीचा आपला प्रश्न पुन्हा विचारावयास सांगितले. तिने तो विचारला. या वेळी वर्ग हसला नाही. दाराआड केलेल्या फेकी ज्यांनी नुकत्याच ओळखल्या होत्या, त्या मुलांपैकी निम्म्यांनी उत्तर देण्यासाठी हात वर केले.